कब्रस्तानातले गवत आणि खालच्या वस्तीचा झिरा

मननासाठी: यहेज्केल ३४:१७-१९



ऑक्टोबर लागला की आमच्या पॅरिशमध्ये एक काम ठरलेले असते. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याआधी कब्रस्तान साफ व्हायला हवे. पावसाळ्यात गवत कमरेइतके वाढते आणि आपल्याच आजोबांची कबर शोधावी लागते. पूर्वी चार-पाच घरची माणसे विळे घेऊन दोन दिवस बसत. अलीकडे आम्ही सोपा मार्ग काढला आहे. कपाशीच्या वावरासाठी आणलेली तणनाशकाची बाटली कोणाच्या तरी घरी उरलेली असतेच. पाठीवरचा पंप भरायचा, तासाभरात फवारणी उरकायची. आठवड्यात सगळे गवत पिवळे, मग काडी लावली की झाले.

दोन वर्षे हे काम आम्ही स्वतः पुढे होऊन केले आहे. त्यामुळे आज जे लिहीत आहोत ते दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही.

आमचे कब्रस्तान उतारावर आहे. उताराच्या खाली ओढा, ओढ्यापलीकडे कोलामांची थोडी घरे. नळ आहे, पण मोटार जळली की आठ-आठ दिवस पाणी येत नाही. मग त्या घरच्या बाया ओढ्याच्या वाळूत झिरा करून पाणी भरतात. गेल्या वर्षी फवारणी संपल्यावर आम्ही पंप विसळायला त्याच ओढ्यावर उतरलो. एक बाई घागर घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. आमचे विसळून होईपर्यंत थांबली आणि मग घागर घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत गेली.

त्या संध्याकाळी आम्ही मुलांना शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा शिकवली. पंपाची आठवणही झाली नाही. आठवण झाली ती यंदा, यहेज्केलचा चौतिसावा अध्याय वाचताना. तिथे परमेश्वर आधी वाईट मेंढपाळांना धारेवर धरतो, हे आपल्याला माहीत असते. पण पुढे तो धष्टपुष्ट मेंढरांकडे वळतो. त्यांच्यावरचा आरोप असा, की त्यांनी स्वच्छ पाणी पिऊन घेतले आणि उरलेले पायांनी गढूळ केले, आता दुबळ्या मेंढरांना तेच प्यावे लागते. चोरीचा किंवा मारहाणीचा हा आरोप नाही. आपले भागल्यावर मागच्यांसाठी पाणी घाण केले, एवढाच आहे. आणि तेवढ्यासाठी परमेश्वर न्याय करायला बसतो.

आम्ही हे आज लिहीत आहोत त्याला आणखी एक कारण आहे. यंदाच्या नाताळाआधी चर्चच्या संपूर्ण आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचे, असा ठराव पॅरिश कौन्सिलपुढे आहे. चिखल नको, तण नको, गोठ्याभोवती फोटो चांगले यावेत. ठराव मांडणारी माणसे चांगली आहेत, चर्चसाठी घरचे काम टाकून धावणारी आहेत. तरीही आम्ही या ठरावाच्या विरोधात आहोत आणि तुम्हीही विरोध करावा, असे आम्हांला वाटते. कब्रस्तानातली फवारणी आणि आवारातले ब्लॉक ही एकाच दुखण्याची दोन रूपे आहेत. आपले अंगण नीटनेटके दिसावे म्हणून आपण त्याची किंमत उताराखालच्या माणसाकडून वसूल करतो.

पाणी कुठे जाते ते आधी पाहू. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर, म्हणजे साधारण हजार चौरस फुटांचे अंगण धरले, तर त्यावर वर्षाकाठी एक लाख लिटरहून जास्त पाणी पडते. अंगण मातीचे असेल, त्यात झाडे-गवत असेल, तर यातले बरेच पाणी मुरते आणि मुरताना मातीतून गाळले जाते. तेच अंगण सिमेंटचे केले की पाणी धावत सुटते. वाटेतले सगळे ते सोबत घेते: गाड्यांचे सांडलेले ऑइल, जनावरांचे शेण, प्लॅस्टिक, कुंड्यांतला युरिया. आधी नाली, मग ओढा. जिल्ह्याच्या उत्तरेचे पाणी पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला आणि वर्धा-वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता कालेश्वरमला गोदावरीला. दक्षिणेचे पाणी कडेम नदीने गोदावरीतच जाते. म्हणजे चर्चच्या आवारातले पाणी आवारात थांबत नाही. ते खालच्या कोणाच्या तरी घागरीत जाते.

युरियाचेच घ्या. लॉन हिरवीगार दिसावी म्हणून आपण तो मूठमूठ फेकतो. झाडाला लागतो त्याहून जास्त पडला, की उरलेला नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो आणि विहिरीत किंवा बोअरमध्ये जातो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमहून जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. जास्त झाले तर पहिला धोका तान्ह्या बाळाला. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडू लागते. घरातल्या आया म्हणतील, पाणी उकळून देऊ. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि नायट्रेट उलट दाट होते.

आता तणनाशक. आपल्याकडे सर्वांत जास्त वापरले जाते ते ग्लायफोसेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ते माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचे म्हटले. इतर काही देशांच्या यंत्रणांचे मत वेगळे आहे, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली, की कीडनियंत्रणाचे परवानाधारक सोडून इतर कोणी ग्लायफोसेट वापरू नये. आमच्या पाठीवर पंप होता तेव्हा आमच्याकडे कोणता परवाना होता? दुकानदार सांगतो, हे औषध मातीला चिकटून बसते, पाण्यात जात नाही. चिकटते हे खरे. पण आपली काळी माती उतारावर जागची थांबते का? पहिल्या जोरदार सरीला ती गढूळ होऊन ओढ्यात उतरते आणि जे चिकटले आहे त्याला सोबत नेते. शिवाय आम्ही तर मातीची वाटही पाहिली नाही. पंप थेट ओढ्यातच विसळला.

या विषयावर आम्ही पॅरिशमध्ये बोललो तेव्हा उत्तरे मिळाली. एकेकाचा विचार करू.

पहिले उत्तर: लाखो एकर कपाशीवर फवारणी चालते, कब्रस्तानाच्या अर्ध्या एकराने काय बिघडणार? कास्तकाराच्या डोक्यावर कर्ज आहे. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. तो फवारतो तेव्हा त्याच्यामागे पोट आहे. आपल्यामागे काय आहे? साठ घरांची पॅरिश, प्रत्येक घरी एक तरी विळा, आणि दोन शनिवार काढायचा कंटाळा. गरजेपोटी केलेले आणि आळसापोटी केलेले एकाच तराजूत तोलता येत नाही. आणि फवारणीचे काम काय असते हे आपण विसरू नये. २०१७ च्या हंगामात पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशक नव्हते, हे खरे. पण हातमोजे नसलेले हात तसेच आणि गळणारा पंपही तसाच. आपण स्वतः फवारत नाही तेव्हा आपल्या मृतांच्या नावाने मजुरी देऊन दुसऱ्या कोणाला तरी त्या धुक्यात उभे करतो.

दुसरे उत्तर: आता मिशन भगीरथचे नळ आहेत, ओढ्याचे पाणी पितो कोण? ज्याच्या घरी आरओ आहे त्याला हा प्रश्न सुचतो. नळ आले ही मोठी गोष्ट झाली, देवाचे आभार. पण नळ बंद पडतो त्या दिवशी कोण कुठे जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ओढ्यावर बैल पितात, शेळ्या पितात, मुले पोहतात.

तिसरे उत्तर: मातीचे आवार ठेवले तर चिखल होतो, म्हाताऱ्या आजी घसरतात. हे उत्तर आम्हांला पटते. ज्या आजी काठी टेकत मिस्साला येतात त्यांच्यासाठी फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत पक्की, रुंद वाट हवीच, आणि पायऱ्यांशेजारी उतारही हवा. ती वाट बांधा, त्यासाठी आम्हीही वर्गणी देऊ. पण एका वाटेसाठी अख्खे आवार पुरून टाकायची गरज नाही.

चौथे उत्तर सर्वांत जास्त वेळा ऐकले: हे पर्यावरणवाल्यांचे काम आहे, कॅटेकिस्टने कॅटेकिझम शिकवावा. तर मग कॅटेकिझमच घेऊ. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत करायला आणि तिची राखण करायला. माणसाला मिळालेले हे पहिले काम आहे, पापाच्याही आधीचे. पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालेनाने प्रभूला पाहिले आणि तिला वाटले, हा माळीच आहे. आणि बाग म्हटले की सगळे पवित्र, असेही शास्त्र सांगत नाही. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता तो भाजीचा मळा करायला, राजवाड्याजवळ आहे म्हणून. अहाबाची भाजी ताजी झाली असती, पण तिच्याखाली नाबोथाचे रक्त होते. बाग कोणाच्या जिवावर फुलली, हे देव विचारतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक दिले. त्यात सुरक्षित पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला आहे आणि घाण पाण्याची झळ गरिबांना सर्वांत आधी लागते, हे स्पष्ट सांगितले आहे. त्याच वर्षी त्यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जोपासनेसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. आमच्याही चर्चमध्ये दर वर्षी त्या दिवसाची प्रार्थना होते. आम्ही सप्टेंबरात ती प्रार्थना म्हटली आणि ऑक्टोबरात पंप भरला.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना तर हा विषय परका नाहीच. मराठीत नवा करार छापून आणणारे विल्यम केरी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण तेच केरी वनस्पतींचे जाणकार होते. श्रीरामपूरला त्यांनी मोठी बाग केली आणि १८२० मध्ये कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली. शास्त्राचे भाषांतर आणि झाडाची निगा यात त्यांना विरोध दिसला नाही.

आणखी जवळचे उदाहरण वसईचे. वसईच्या वाड्यांत बावखले असत, म्हणजे हाताने खणलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाचे पाणी त्यांत साठे, मुरे आणि भोवतालच्या विहिरींना पुरे. जमिनीचे भाव वाढले तशी बावखले भरावाखाली जाऊ लागली, विहिरींतले पाणी उपसून टँकर भरले जाऊ लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांना कोणी म्हटले असेल, फादर, तुम्ही प्रवचन करा, विहिरींचे राहू द्या. त्यांनी ऐकले नाही, आणि बरे झाले.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात पलिष्टी लोक अब्राहामाच्या विहिरी मातीने बुजवतात आणि इसहाक त्या पुन्हा खणतो. आमच्या भागात पलिष्ट्यांची गरज पडली नाही. नळ आले तेव्हा परसातले आड आम्हीच बुजवले, कचऱ्याने आणि जुन्या विटांनी. चर्चच्या मागे असलेला आडही तसाच अर्धा भरलेला आहे. इसहाकाचे काम आपली वाट पाहते आहे.

मग करायचे काय? फार खर्चाचे काहीच नाही.

कब्रस्तानात फवारणी बंद. गवत विळ्याने कापायचे, मुळे मातीत राहू द्यायची, म्हणजे उतारावरची माती धरून राहते. कापलेले गवत जनावरांना चालते. पलीकडच्या वस्तीत शेळ्या-बैल आहेत, त्यांना विचारून ते देता येईल. फवारलेले गवत कोणाच्याच जनावराला घालता येत नाही. उताराच्या खालच्या कडेला वाळ्याची दाट ओळ लावायची. त्याची मुळे खोल जातात, माती अडते आणि पाणी गाळून खाली उतरते.

आवारात फाटकापासून दारापर्यंतची वाट पक्की, बाकी जमीन मोकळी. कडुनिंब, करंज, आवळा, सीताफळ अशी इथली झाडे लावायची. त्यांना एकदा मूळ धरले की खत-औषधाचे लाड लागत नाहीत. झाडांखाली पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवायचे, ते जाळायचे नाही. चिखल होतो तिथे मुरूम आणि बारीक खडी टाकायची. खत हवे तर शेणखत, तेही पावसाच्या तोंडावर नाही. चर्चच्या छपराचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून आडात सोडायचे. त्याआधी आड उपसून साफ करायचा आणि पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर काढून द्यायचे.

घरी मोरीच्या आणि धुण्याच्या पाण्यासाठी शोषखड्डा करता येतो. तेलुगू शेजारी त्यालाच इंकुडू गुंता म्हणतात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले. उघड्या नाल्या गेल्या आणि त्याबरोबर डासही गेले, म्हणून त्या गावाचे नाव झाले. आपल्याकडे एक काळजी घ्यायची. काळी माती पावसात फुगते आणि पाणी घेत नाही, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खणायचा. विहिरीपासून पंधरा मीटर तरी दूर ठेवायचा आणि संडासचे पाणी त्यात कधीही सोडायचे नाही. खड्ड्याशेजारी केळ, कर्दळ, अळू लावले तर उरलेले पाणी ती झाडे पितात. एवढेही जमत नसेल तर निदान कोणताही पंप, कोणतीही बाटली ओढ्यावर विसळायची नाही. हे आजपासून जमेल.

पेव्हर ब्लॉकसाठी जमणाऱ्या पैशाच्या थोड्या हिश्शात वाट होईल, आड मोकळा होईल आणि वाळाही लागेल. उरलेले पैसे कशाला वापरायचे याचा विचार कौन्सिलने करावा. आमचे मत विचाराल तर त्या वस्तीच्या नळाची मोटार दुरुस्त करून घ्यायला आपण पॅरिश म्हणून ग्रामपंचायतीत जावे, आणि गरज पडल्यास हातभार लावावा. ज्यांचे पाणी आपण दोन वर्षे गढूळ केले त्यांचे एवढे देणे लागतो.

इस्टरच्या रात्री आपण पाण्याला आशीर्वाद मागतो आणि त्याच पाण्याने बाप्तिस्म्याच्या वचनांची आठवण करतो. ते पाणी कुठल्या तरी ओढ्यातून, कुठल्या तरी विहिरीतून आलेले असते. वेदीजवळच्या भांड्यात आले की पवित्र आणि कब्रस्तानाखालच्या ओढ्यात असले की पंप विसळायला मोकळे, असे देवाने सांगितलेले नाही.

येत्या दोन्ही शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही कब्रस्तानात विळा घेऊन असू. ज्यांच्या आजी-आजोबांच्या कबरी तिथे आहेत त्यांनी यावे. दुपारची शिदोरी आणावी, लहान मुलांनाही आणावे, त्यांना कबरींवरची नावे वाचून दाखवता येतील. पंप आणू नये. आणि रविवारी मिस्सा झाल्यावर कौन्सिलची बैठक आहे, तिथे गप्प बसू नये.

हे प्रभू, आम्ही स्वच्छ पाणी प्यालो आणि उरलेले गढूळ केले. आम्हांला क्षमा कर. घागर घेऊन थांबलेली ती बाई आम्हांला विसरू देऊ नकोस. आमच्या हाती पुन्हा विळा आणि कुदळ दे, आणि आम्ही बुजवलेले पाणी मोकळे करायला शिकव. आमेन.